पाच घोट पाणी

मुन्शीजी,

तुमच्यावर तीन मुठी माती टाकली, तेव्हाही मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडतच होतो. पहिली मूठ टाकताना म्हटलं, हे काही बरं केलं नाहीत. दुसरी टाकताना म्हटलं, आता मी डोकं कुणापुढं फोडू? तिसरीच्या वेळी काय म्हटलं ते आठवत नाही, कारण तुमच्या थोरल्या जावयानं खांद्याला धरून मला बाजूला केलं. त्याला वाटलं, मास्तर रडतायत. रडत होतोच, पण निम्मा रागानं.

तुमच्या जन्माची, शिक्षणाची, नोकरीची माहिती कचेरीनं मागितली, ती मी लिहून दिली. पेपरात छापूनही आली. त्यात एक चूक नाही आणि त्यात तुम्हीही नाही. वेळेवर येणारा, वेळेवर जाणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा कुणी सालस गृहस्थ त्यात आहे. तुम्ही सालस नव्हता. तुम्ही आतल्या गाठीचे होता, हट्टी होता, आणि एके दिवशी माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही फार मोठं पाप केलंत, असं मी दहा वर्षं तुमच्या तोंडावर म्हणत आलो. आता ऐकायला तुम्ही नाही, म्हणून कागदावर म्हणतोय. या कागदाच्या शेवटी मला काय कबूल करावं लागणार आहे तेही ठाऊक आहे. हात जड झालाय तो त्यामुळं.

तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, पण मला एकदा ओळीनं मांडू द्या.

निजामाचं राज्य जाऊन आपला मुलूख देशात सामील झाला, तेव्हा कचेरीत खोल्याच्या खोल्या उर्दू दप्तरांनी भरलेल्या होत्या आणि नव्या साहेबांना त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. तुम्ही जुन्या राजवटीतले तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करणारे मुन्शी. उर्दू, फारसी, इंग्रजी तुमच्या हातचा मळ. मराठी इथल्या कुणाहीसारखी बोलायचा, पण लिहायची कधी वेळ आली नव्हती. म्हणून शाळेतून मला उसनं आणलं. तुम्ही वाचायचं, मी लिहायचं. गावाला तुम्ही उस्मानाबाद म्हणायचा, मी धाराशिव. सोळा-सतरा वर्षांत दोघांनीही एकमेकांना कधी दुरुस्त केलं नाही.

पण पहिले चार महिने मी तुमच्या सुरईतलं पाणी प्यालो नव्हतो. निजामाच्या शेवटच्या वर्षात हत्यारं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या एका टोळीनं माझ्या थोरल्या भावाला आमच्या वेशीत मारलं होतं. त्या टोळीतला एकही माणूस तुमच्या ओळखीचा नव्हता, हे मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. मी घरून तांब्या आणायचो आणि तो टेबलाच्या माझ्या बाजूला ठेवायचो. तुम्ही कधी विचारलं नाहीत. मग चैत्रातल्या एका दुपारी माझा तांब्या कलंडला, घशाला कोरड पडली होती, मी उठलो आणि तुमच्या सुरईतून पाणी घेतलं. तुम्ही फायलीतून मान वर केली नाहीत. दुसऱ्या दिवशी सुरईशेजारी दोन पेले पालथे घातलेले होते.

तर्जुम्याच्या बाबतीत तुम्ही इतके कडक की साहेबसुद्धा वैतागायचे. एका म्हातारीचा लांबलचक अर्ज होता. त्यात तिनं सुनेची, गाईची, देवाची, सगळ्यांची गाऱ्हाणी सांगितली होती. साहेब म्हणाले, मतलब तेवढा काढा. तुम्ही उभे राहून म्हणालात, "साहेब, ती जेवढं बोललीय तेवढं लिहीन. कमी करायचा हक्क तिचा आहे, माझा नाही." हे वाक्य मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, शाळेत पोरांना सांगितलं. मला तुमचा अभिमान वाटला होता, मुन्शीजी. तो नंतर मला फार महागात पडला.

राज्यांची फेररचना व्हायच्या आदल्या हिवाळ्यात ते दोन पाहुणे आले. माणसाच्या हक्कांसाठी देशोदेशी फिरणारी कुठलीशी परदेशी संस्था होती. नव्या देशात साध्या माणसाच्या वाट्याला काय येतं, ते तिला बघायचं होतं. एक उत्तरेकडच्या थंड मुलखातले म्हातारे वकील, घामानं थबथबले तरी लोकरीचा कोट न काढणारे. दुसऱ्या इजिप्तच्या बाई, तुमच्याच वयाच्या, बोलायला कमी आणि बघायला जास्त. साहेबांनी सगळं गोड गोड दाखवायचं ठरवलं होतं. नवी शाळा दाखवून झाली, दवाखाना झाला, तुळजापूरचं देऊळ झालं. देवळाच्या पायऱ्या चढून वर येताना बाईंना धाप लागली. त्या मधेच थांबल्या आणि त्यांनी तुम्हाला हळूच विचारलं, "अठ्ठेचाळीस साली इथं जे झालं, ते कुणी आम्हाला सांगेल का?"

तुम्ही म्हणालात, "सांगणारे आहेत. ऐकायला कुणी आलं नव्हतं."

म्हणजे त्यांना त्या गावाला नेलंत ते तुम्हीच. हे मी विसरलेलो नाही. उद्या कुणी म्हणेल मुन्शी भित्रा होता, तर त्याला मी हे आधी सांगेन.

जळकोटच्या पलीकडचं ते गाव. नाव लिहीत नाही, तिथं अजून माणसं राहतात. चावडीवर सतरंजी अंथरलेली, आबा पाटील फेटा बांधून उभे, अख्खं गाव गोळा झालेलं. जीपमधून उतरल्यावर तुम्ही सरळ खैरूनबीला बोलावणं धाडलंत. तिची ओळख वाचणाऱ्याला करून द्यायला हवी. पोलीस ॲक्शननंतरच्या त्या बेबंद दिवसांत तिच्या नवऱ्याला आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला घरातून ओढून नेलं. ते परत आले नाहीत. ती वर्षभर भावाकडं राहिली आणि मग एकटीच गावात परत आली. घराला दारं उरली नव्हती. दोन एकर रान होतं, ते दुसरे कसत होते. रानातली विहीर तिच्या सासऱ्यानं खणलेली, पण वरची दोर ओढायची कप्पी काढून नेलेली, आणि तिथं पाय ठेवायची तिला बंदी. ती मैलभरावरच्या ओढ्याचं पाणी डोक्यावर आणायची.

घरात ती दखनी बोलायची. त्या दिवशी मात्र तिनं मराठीतच सांगितलं, गावाला शब्दन् शब्द कळावा म्हणून.

"माझ्या मालकाला आन माझ्या पोराला घरातनं वढून नेलं. म्या मागं पळाले. इहिरीपसवर गेले. तितनं म्होरं मला जाऊ दिलं न्हाय. पाच जण व्हते. पाचीबी ह्याच गावचे. नावं घेऊ का?"

तुम्ही म्हणालात, "घ्या."

तिनं पाच नावं घेतली, बापाच्या नावासकट, एकेक, सावकाश. त्यातले दोघं तिथंच उभे होते. एकानं तर आत्ताच पाहुण्यांना पाणी आणून दिलं होतं. तो आबांचा धाकटा भाऊ. तिनं बोट दाखवलं नाही, आवाज चढवला नाही. मग मुलाच्या अंगात कुठला सदरा होता ते सांगितलं, त्याला भाकरीबरोबर कोरड्यास काय आवडायचं ते सांगितलं. पाव तास ती बोलत होती.

मग तुम्ही पाहुण्यांकडं वळलात आणि इंग्रजीत दोन वाक्यं बोललात. गडबडीच्या दिवसांत हिचा नवरा आणि मुलगा गेले. आता तिला इथंच शांतपणे राहायचं आहे आणि स्वतःची विहीर वापरायची आहे.

वकिलांनी विचारलं, "हे केलं कुणी?"

तुम्ही म्हणालात, "ते ती सांगत नाही."

कचेरीची वही माझ्या मांडीवर होती. मला मराठी येत होतं, इंग्रजी येत होतं, तोंड होतं, हातात टाक होता. मी मूग गिळून बसलो आणि तुमची दोन वाक्यं वहीत उतरवली. खैरूनबी तुमच्याकडं बघत होती. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण माणसांची नावं कुठल्याही भाषेत तीच राहतात, आणि ती तिला ऐकू आली नव्हती. आबांच्या भावालाही आली नव्हती. त्यानं कपाळाचा घाम पुसला.

नंतर तुम्ही उठलात आणि म्हणालात, "आबा, चला, पाहुण्यांना विहीर दाखवू." सगळा लवाजमा रानात गेला. तुम्ही विहिरीच्या काठावरून वाकून बघितलंत, मग वर रिकाम्या लाकडाकडं.

"आबा, कप्पी दिसत नाही."

"बसवू की, मुन्शीजी. आजच बसवू."

"आत्ता बसवा. मला तहान लागलीय."

कप्पी कुठूनशी आली. बसली. खैरूनबीनं सात वर्षांनी आपल्या विहिरीत पोहरा सोडला. तुम्ही उकिडवे बसलात, तिच्या हातून तांब्या घेतलात आणि घोट घोट प्यायलात. एक घोट घ्यायचा, तांब्या खाली करायचा, आबांच्या तोंडाकडं बघायचं, मग दुसरा. आबांची नजर हळूहळू जमिनीवर गेली. मला वाटलं, तुमच्या धर्माची काही रीत असेल.

परतताना जळकोटला चहाला थांबलो. पाहुणे जीपमध्येच बसून होते. मी टपरीवर तुम्हाला गाठलं.

"तिनं जेवढं सांगितलं तेवढं का सांगितलं नाहीत?"

"मास्तर, चहा घ्या."

"कमी करायचा हक्क तिचा, असं कोण म्हणत होतं?"

तुम्ही चहा बशीत ओतलात. "हे साहेब परवा मुंबईत बोटीत बसतील. त्यांच्या कागदावर पाच नावं जातील. तो कागद फिरून दिल्लीला येईल, दिल्लीहून हैदराबादला, तिथून इथं, आणि इथून खुलासा मागायला त्याच चावडीवर. तोवर ती बाई कुठं राहील? तुमच्या घरी?"

"आणि न्याय?"

"नावं कुठं गेली नाहीत, मास्तर. माझ्याकडं आहेत. माझ्याकडं आहेत, हे अख्ख्या गावानं बघितलंय. जोवर तिच्या विहिरीवर कप्पी आहे, तोवर ती माझ्याकडंच राहतील."

"याला सौदा म्हणतात."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "सौदाच."

मी चहा टाकून उठलो. त्या दिवशी जे भांडण लागलं, त्याचं भिजत घोंगडं शेवटपर्यंत तसंच राहिलं.

दर वर्षी हिवाळ्यात तुम्ही जुन्या दप्तराचं काहीतरी निमित्त काढून त्या गावाला जायचा. चावडीवर बसायचा, आबांची विचारपूस करायचा आणि मग खैरूनबीच्या रानात जाऊन पाणी प्यायचा. दोनदा मला बरोबर नेलंत. दुसऱ्या खेपेला मी विचारलंच, ही घोट घोट प्यायची काय रीत? तुम्ही हसलात. "आमच्यात तीन घोटांत पाणी प्यावं म्हणतात. तिथं मी पाच घेतो."

मला ते कळायला एक क्षण लागला. मग अंगावर काटा आला आणि लगेच रागही आला. पाच माणसं उजळ माथ्यानं फिरतायत, बारशाला-लग्नाला मिरवतायत, आणि त्यांना शिक्षा काय, तर वर्षातून एकदा मुन्शीचं पाणी पिणं बघायचं! मी हे असंच म्हणालो. तुम्ही म्हणालात, "बाईला पाणी मिळतंय."

परतताना तुम्ही जळकोटच्या पोस्टात इजिप्तच्या बाईंना पत्र टाकायचा. मुद्दाम तिथंच, आणि गावाच्या कोतवालाला बरोबर घेऊन. गावात पक्की समजूत, मुन्शी दर वर्षी विहिरीचा अहवाल परदेशात धाडतो. त्या पत्रात काय असायचं, ते मी एकदा वाचलं. त्यांचे गुडघे कसे आहेत, तुमचा खोकला कसा आहे, यंदा आंबा कमी आला. मी खदाखदा हसलो. "एवढ्यासाठी परदेशी तिकीट?"

"पत्र कुणाला वाचता येतंय, मास्तर? जाताना तर सगळ्यांना दिसतंय."

त्याच बाईंनी तुम्हाला एक पातळसं इंग्रजी पुस्तक देऊन ठेवलं होतं. जगातल्या देशांनी मिळून माणसाचे हक्क कबूल केलेत, त्याची कलमं. त्याचं मराठी करू, असं तुम्हीच काढलंत. रविवारी सकाळी तुमच्या ओट्यावर बसून आपण एकेक कलम घ्यायचो. भाभी खिचडी-खट्टा पाठवायच्या. माझ्या आयुष्यातल्या त्या सगळ्यात सुखाच्या सकाळी होत्या, हे मी तुम्हाला सांगायचं राहिलं. मग ते कलम आलं, प्रत्येकाचं गाऱ्हाणं निष्पक्ष अदालतीनं उघडपणे ऐकून घ्यावं, असं. मी वाचलं. तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात.

"हे तुम्ही करा, मास्तर. माझी जीभ इथं चालत नाही."

मी डाव साधला. "चालणार कशी? तुम्ही ती गहाण टाकलीय."

तुम्ही कधी चिडत नव्हता. त्या दिवशी चिडलात. "तुमच्या भावाचं नाव तुमच्या वेशीत दगडावर कोरलंय. दर साली तिथं झेंडा लागतो, पोरं गाणं म्हणतात. मीही टोपी घालून मागं उभा असतो. असतो ना? तिच्या नवऱ्याचं नाव कुठाय? पोराचं कुठाय? कुणाच्या तोंडात आहे?" आणि मग हळू आवाजात, "मी मेल्यावर कुणाच्या तोंडात राहील, याची फिकीर करा. माझ्या जिभेची नको."

पुस्तक तिथंच मिटलं. पुढची कलमं झाली नाहीत.

एकदा मी पेपराला सगळं लिहून पाठवायचं ठरवलं. कच्चा मजकूर तुम्हाला दाखवला. तुम्ही शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्यात, आणि त्या खरोखर होत्या. मग म्हणालात, "पाठवा. पण त्या गावी राहायला तुम्ही जा." मी पाठवला नाही. त्याचाही राग मी तुमच्यावरच काढला. माझ्या भित्रेपणाला मी तुमचं नाव देऊन टाकलं होतं.

आता शेवटच्या आठवड्याचं. हे लिहायचं मी टाळत आलोय.

छातीत पाणी झालं होतं. पाठीला उशी लावून बसलात तरच श्वास घेता यायचा. मी आलो तेव्हा भाभींना तुम्ही बाहेर पाठवलंत आणि म्हणालात, "मास्तर, वही काढा."

कशासाठी, ते मला लगेच कळलं. दहा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते समोर आलं होतं. आणि मी काय केलं? मला मोह झाला, मुन्शीजी. तुम्ही सांगणार आणि मी लिहिणार, हे मला पुरेसं वाटलं नाही. ते तुमच्या हस्ताक्षरात हवं होतं, तुमच्या सहीनं, म्हणजे मीच बरोबर होतो हे कागदावर राहिलं असतं. मी तुमचा हात थोपटून म्हणालो, "आधी बरे व्हा. मग तुमच्या हातानं लिहून द्या. मला घाई नाही."

तुम्ही माझ्याकडं बराच वेळ बघितलंत. मला वाटतं, माझ्या मनातलं तुम्हाला दिसलं. "बरं," म्हणालात, आणि डोळे मिटलेत. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

तुमच्या चाळीसाव्या दिवसाच्या विधीला खैरूनबी आली. एवढ्या लांबून, अर्धी वाट पायी. बायकांत बसून दुवा मागितली, जेवली, भाभींच्या गळ्यात पडली. मग ओट्यावर आली. आता ती पार वाकलीय.

"मास्तर, कप्पी काढून नेली."

"कुणी?"

"आबांच्या पुतण्यानं. दुरुस्तीला, म्हणतोय. मुन्शीजी गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्याच दिशी." मग तिनं पदर सावरला. "त्यांच्यापाशी जे व्हतं, ते आता कुणापाशी हाय?"

मी म्हणालो, माझ्यापाशी. घरी जाऊन कचेरीच्या त्या वहीची माझी नक्कल काढली. तिच्यात तुमची दोन वाक्यं होती, माझ्या वळणदार अक्षरात. डोळे मिटून आठवायला बसलो. आबांचा धाकटा भाऊ. त्याचा मेहुणा. वेशीजवळ राहणारा एक. आणि पुढं काही येईना. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. मग मला आठवलं, नावं नव्हे, तर त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते. चौथं नाव ती घेत होती तेव्हा मी भावाचा विचार करत होतो. माझ्या भावाच्या वेळी कुणी अशी नावं घेतली होती का, असं मला वाटलं. तेवढ्यात तिची दोन नावं माझ्या कानावरून निघून गेली. ती चावडीवर आपल्या पोराबद्दल बोलत होती, आणि मी माझ्या दुःखाशी बोलत होतो.

ती अजून तुमच्या घरीच होती. तिसऱ्या दिवशी लाज सोडून मी गेलो आणि म्हणालो, "खैरूनबी, ती नावं एकदा पुन्हा सांगता? लिहून घेतो."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "म्या एकदा सांगितली, मास्तर. साऱ्या गावाम्होरं सांगितली. तवा वही तुमच्याच हातात व्हती." आणि ती आपलं बोचकं बांधायला लागली.

त्याच आठवड्यात तुमच्या नावानं इजिप्तचं पत्र आलं. भाभींनी ते मला वाचायला दिलं. गुडघे, हवा, नातीचं लग्न, आणि खाली चार ओळी. "आपण दोघं म्हातारे झालो, म्हणून आज लिहिते. त्या दिवशी ती बाई पाव तास बोलली आणि तुमचं इंग्रजी दोन वाक्यांत संपलं. मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या गावाकडं मीही असं दोनदा केलं आहे. एकदा ते बरोबर ठरलं." दुसऱ्या वेळी काय झालं, ते त्यांनी लिहिलेलं नाही. मी ते पत्र सहा वेळा वाचलं. आपल्या भांडणाचा निकाल त्यात असेल असं वाटलं होतं. नव्हता.

परवा मी गेलो, मुन्शीजी. एकटाच. चावडीवर आबा बसले होते, आता डोळ्यांनी अधू. शेजारी पुतण्या, आणखी पाच-सात जण.

"या मास्तर. लई दिसांनी. मुन्शीजी गेले म्हणं."

"गेले."

"लई मोठा माणूस. आता त्यांच्या कामाचं कोण बघतंय?"

"मी."

कुणीतरी चहा आणला. पन्नाशीचा माणूस, अदबीनं कप पुढं केला. मी कप घेतला आणि त्याच्या तोंडाकडं बघितलं. हा चौथा असेल का? पाचवा? मला ठाऊक नव्हतं. त्या चावडीवरच्या प्रत्येक तोंडाकडं मी तसंच बघत होतो. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नाही. तुम्ही दहा वर्षं इथं येऊन बसत होता, आणि मी घरी बसून तुम्हाला भित्रा म्हणत होतो. मला माफ करा. हे आधी म्हणायला हवं होतं.

मी उठून म्हणालो, "आबा, चला विहिरीवर. तहान लागलीय."

पुतण्या म्हणाला, "कप्पी दुरुस्तीला गेलीय, मास्तर."

"मी थांबतो."

आबांना घेऊन रानात गेलो आणि विहिरीपाशी उन्हात उभा राहिलो. खैरूनबी रानातल्या आपल्या झोपडीच्या दारात येऊन उभी राहिली. आबांनी एकदा माझ्या दिशेनं तोंड वळवलं, एकदा पुतण्याच्या. मग म्हणाले, "आण जा." तासाभरानं कप्पी आली. बसली. तिनं पोहरा सोडला, तांब्या भरला, माझ्या हातात दिला. मी तुमच्यासारखाच उकिडवा बसलो. एक घोट घेतला, तांब्या खाली केला, आबांकडं बघितलं. दुसरा घेतला. तिसरा घेतला. पुतण्या माझे घोट मोजत होता. त्याचे ओठ हलताना मला दिसले. पाचव्यानंतर त्यानं मान खाली घातली.

जळकोटला येऊन मी बाईंना पत्र टाकलं. तुम्ही गेल्याचं त्यात कळवलं. कोतवाल बरोबर होता.

कप्पी अजून जागेवर आहे. पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा जाईन आणि जोवर पाय चालतात तोवर जात राहीन. खैरूनबीला वाटतं, मला नावं आठवली. गावालाही तेच वाटतं. तुमच्याशी मात्र खोटं बोलता येत नाही, मुन्शीजी. पहिले तीन घोट मी नावं घेऊन प्यालो. पुढचे दोन, नुसतं पाणी.